जवसाचा पीळ

३ जानेवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. बारा वर्षांनी लिहिते आहे, तरी पत्राची रीत सोडवत नाही. तू कशी आहेस? मेहुण्यांची पाठ काय म्हणते? माझा उजवा गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाले, आता सुईत दोरा ओवाल. मी म्हटलं, दोरा ओवायला डोळे कशाला लागतात? दोऱ्यात तंतू किती ते मोजायला लागतात.

भाची मला दर महिन्याला फोन करते. तुला ठाऊक नसेल तर आता झालं. तिला रागवायचं नाही. ती चहाड्या करत नाही, मी खोदून खोदून विचारते, आणि माझ्यापुढे भल्याभल्या व्यापाऱ्यांना खोटं बोलायला जमलं नाही, ती तर तेवीस वर्षांची पोर. तिच्याकडूनच कळलं की तू माग विकते आहेस. गिऱ्हाईक ठरलं आहे आणि फेब्रुवारीच्या अठ्ठावीसला तो गाडी घेऊन येणार आहे. यावर माझं मत पत्राच्या शेवटी देईन. आधी इथली खबरबात.

एकतीस वर्षं प्रयोगशाळेत कापडं तपासल्यावर मला घरात बसवेना, म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर एका शिवणवर्गात शिकवायला जाते. दर गुरुवारी दोन तास. चौदा बायका आहेत. शिवण त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. मी फक्त कापड कशाचं आहे ते ओळखायला शिकवते. पहिल्या दिवशी विचारलं, "कापड कुठून येतं?" मागून आवाज आला, "दुकानातून." चौदा जणी हसल्या. मी हसले नाही, पण उत्तर चूक नव्हतं.

मग फळ्यावर लिहून दिलं. कापूस म्हणजे बोंडातल्या बियांवरचे केस. लोकर मेंढीच्या पाठीवरची, रेशीम किड्याच्या तोंडातल्या लाळेचं. काथ्या नारळाच्या सालीतून निघतो, ताग आणि जवस, म्हणजे ज्याचं लिनन होतं तो, खोडाच्या सालीतून. व्हिस्कोज म्हणजे लाकडाचा लगदा विरघळवून ओढलेली तार. आणि नायलॉन, पॉलिएस्टर हे खनिज तेलातून. यावर एक जण म्हणाली, "म्हणजे मॅडम, माझा नवरा रॉकेलचा शर्ट घालून सिगरेट ओढत बसतो?" मी म्हटलं, "हो. एक तर शर्ट बदलायला सांग, नाही तर सवय." पुढच्या गुरुवारी कळलं, त्याने शर्ट बदलला.

जाळून ओळखायची परीक्षा त्यांना फार आवडली. घरून चिंध्या आणायला सांगितल्या होत्या. कापूस कागदासारखा जळतो, लोकरीला जळक्या केसांसारखी घाण सुटते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. एकीने सासूने दिलेल्या "अस्सल लोकरीच्या" शालीचा दोरा आणला होता. चिमट्यात धरून पेटवला, तर टपकन मणी. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती मणी पुडीत बांधत म्हणाली, "सात वर्षं ऐकतेय शालीचं कौतुक. आज जेवताना हा मणी वाढते त्यांना."

गेल्या गुरुवारी ओल्या तंतूची परीक्षा घेतली. जवस आणि भांगेचं झाड या दोघांच्या खोडाचे तंतू, म्हणजे वाख, दिसायला इतके सारखे असतात की सूक्ष्मदर्शकाखालीही दोन्ही पेराच्या बांबूसारखे दिसतात. म्हणून एकेक तंतू ओला करायचा, चिमट्यात अडकवायचा आणि खाली ऊब ठेवायची. वाळताना तो आपोआप पीळ खातो आणि त्याचं मोकळं टोक फिरतं. घड्याळाच्या काट्यांसारखं फिरलं तर जवस, उलटं फिरलं तर भांग.

मी जवसाचा तंतू लावला होता. टोक फिरायला लागलं. मी म्हटलं, "बघा, घड्याळासारखं." समोर एक काज-बटणं करणारी बाई बसते. तिला सगळ्या काजवालीच म्हणतात. ती म्हणाली, "नाही मॅडम, उलटं फिरतंय."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. दिवसाला दोनशे काजं करते मी, डोळे शाबूत आहेत माझे."

"तू पलीकडून बघते आहेस. टोक बघणाऱ्याच्या तोंडाकडे असायला हवं. तुझ्याकडे चिमट्याची बाजू आहे, म्हणून तुला उलटं दिसतंय."

"असं होय," काजवाली म्हणाली. "मग मॅडम, तुम्ही एखाद्या दिवशी इकडून बसलात, तर?"

मी वर्ग लवकर सोडला. ते जाऊ दे.

आता आपलं जुनं प्रकरण. तुझं कापड बारा वर्षांपूर्वी आमच्याच प्रयोगशाळेत तपासणीला आलं. "जवसाचे नाही, भांगेच्या वाखाचे आहे" असा शेरा पडला आणि विणकर संघाने शुद्ध लिननच्या यादीतून तुझं नाव काढलं. लोक तुला विचारायचे, "काय बाई, तुमच्या टॉवेलने अंग पुसलं की झिंग येते का?" कापडासाठी लावतात ती भांग नशेची नसते हे त्यांना कोण सांगणार? आणि तू तर तीही कधी लावली नव्हतीस. तू माझ्या दारात आलीस. म्हणालीस, "ताई, माझ्या शेतातली जवसाची निळी फुलं तू स्वतः पाहिली आहेस. त्या सात नंबरच्या परीक्षकाला एवढंच सांग की परत एकदा बघ." मी म्हटलं, "ऑफिसातलं ऑफिसात." तू पायऱ्या उतरून गेलीस. तेव्हापासून तू तेच कापड "साधं कापड" म्हणून विकतेस हेही मला भाचीकडूनच कळतं.

माझं काम तीन गोष्टींचं आहे. एक, तुझ्या शेतातला मूठभर वाख पाठव, न कातलेला. दोन, त्या जुन्या अहवालावरचा नमुना क्रमांक कळव. तो कागद तू फाडला नसशील. फाडणाऱ्यातली तू नव्हेस. तीन, माझं पुढचं पत्र येईपर्यंत माग कुणाला देऊ नकोस. कारण विचारू नकोस. मला अजून खात्री नाही आणि खात्रीशिवाय मी बोलत नाही.

माग विकण्याबद्दलचं मत: मूर्खपणा.

तुझी
ताई


११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद नंतर. तुझं कापड जवसाचं आहे. शुद्ध, निखळ जवसाचं. तिघांनी तपासलं, प्रत्येकाने तीनदा, आणि नऊच्या नऊ वेळा तंतू घड्याळाच्या काट्यांसारखा फिरला. सोबत प्रमाणपत्र आहे. ते आधी वाच. मोठ्याने वाच, मेहुण्यांना ऐकव, मग इकडे ये.

वाचलंस? बरं.

तुझं पत्र मिळालं होतं, त्याला पत्र म्हणायचं असेल तर. "वाख पाठवला आहे. नंबर २१८. माग जाणारच." तारेतसुद्धा लोक याहून जास्त शब्द घालायचे. पण वाख पाहिला आणि राग गेला. काय सुंदर केला आहेस! पाण्यात नेमका हवा तेवढाच कुजवलेला, साल सुटली आहे पण तंतू दुबळा झालेला नाही, आणि विंचरलेला असा की तान्ह्या पोराच्या जावळासारखा. माझ्या अख्ख्या नोकरीत एवढा चांगला वाख टेबलावर आला नाही.

घरीच तपासला. इस्त्री उलटी ठेवली, कपड्याच्या चिमट्यात तंतू अडकवला. टोकाकडून पाहिलं: घड्याळासारखा. मग ओट्याच्या पलीकडे जाऊन चिमट्याकडून पाहिलं: उलटा. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. शेजारीण साखर मागायला आली होती. ती दारातच थांबून म्हणाली, "काकू, प्रदक्षिणा कुणाला घालताय?" तिला साखर दिली आणि घालवली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेले. आता तिथली प्रमुख माझ्या हाताखाली शिकलेली आहे. लोकरीच्या धुळीने सारखी शिंकायची म्हणून आम्ही तिला शिंकाबाई म्हणायचो. अजून शिंकते, पण आता तिच्या दारावर पाटी आहे. मी म्हटलं, माझ्या बहिणीचा २१८ क्रमांकाचा नमुना फेरतपासणीला काढा.

"मॅडम, बारा वर्षं झाली. जाऊ द्या ना."

"चुकीचा अहवाल जुना झाला म्हणून बरोबर होत नाही."

"पण हरकत घ्यायचा हक्क माल देणाऱ्याला असतो, तोही नव्वद दिवसांत. तुमची बहीण तेव्हा आली नाही."

"नियमाचं पुढचं वाक्य वाच."

तिने पुस्तक काढलं. "किंवा ज्या परीक्षकाने सही केली असेल त्याला, केव्हाही." मग म्हणाली, "मॅडम, हे कलम आजवर कुणी वापरलेलंच नाही. स्वतःच्याच अहवालावर कोण हरकत घेईल?" असं म्हणत तिने जुनी नोंदवही उघडली, सात नंबर कोण होता ते पाहायला. पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

धाकटे, हे वाक्य मी महिनाभर टाळलं. पहिल्या पत्रात टाळलं, या पत्रातही पानभर टाळलं. परीक्षक क्रमांक सात मी होते.

नमुन्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. पण मी सूत हातात घेतलं आणि ओळखलं. हातभर कातून झालं की तू थांबतेस, बोट जिभेला लावतेस, आणि तिथे धागा कणभर जाड होतो. शंभर कातणाऱ्या बायकांत मी तुझं सूत डोळे मिटून काढून देईन.

नियम असा आहे की नात्यातला माल ओळखला तर तो खाली ठेवावा आणि दुसऱ्याकडे द्यावा. मी ठेवला नाही. मला वाटलं, मी काय बहिणीची बाजू घेणाऱ्यातली आहे? दुसरा नियम: प्रत्येक नमुना तीनदा तपासावा. मी एकदाच तपासला. तंतू उलटा फिरला तेव्हा मनात आलं, हे कसं शक्य आहे, परत बघू या. आणि मी ठरवलं की हा विचार परीक्षकाचा नाही, बहिणीचा आहे. त्याला गप्प बसवायला मी तिथल्या तिथे सही ठोकली. दुसऱ्या कुणाचाही माल असता तर तीनदा तपासला असता. परक्याला देत होते तेवढंही मी तुला दिलं नाही.

आणि याचा मला अभिमान होता. तू दारात उभी राहून "परत एकदा बघ" म्हणालीस तेव्हा मी मनात म्हटलं, बघा, सख्ख्या बहिणीपुढेही मी वाकले नाही. बारा वर्षं मी हे स्वतःला ऐकवत होते.

माझी जुनी रोजनिशी काढली. ज्या दिवशी २१८ तपासला, त्याच सकाळी आमची खोली दुसऱ्या मजल्यावरून खाली हलवली होती. सुताराने नवं टेबल भिंतीला लावलं आणि तंतू धरायचा स्टँड त्यावर स्क्रूने बसवला, चिमटा माझ्याकडे आणि मोकळं टोक भिंतीकडे. मी त्या दिवशी काजवालीच्या बाजूने बसले होते. दुसऱ्या दिवशीची नोंद वाच, माझ्याच अक्षरात आहे: "सुताराला बोलले. स्टँड उलटा लावला होता. फिरवून घेतला." स्टँड उलटा आहे हे मला कळलं. कालचा निकाल उलटा असेल हे कळलं नाही. त्या दिवशी एकूण चार नमुने तपासले होते, त्यातले तीन कापूस आणि लोकर. त्यांना ही परीक्षा लागत नाही. राहिलं एकच. आणखी कुणाचं नुकसान झालेलं नाही, ही खात्री करून घेतली.

तर शिंकाबाई. चष्मा परत घालून ती म्हणाली, "मॅडम, लोक हसतील तुम्हाला. तुमचं नाव सांगून आम्ही नव्या मुलांना दम देतो."

"हसू देत. लोकर जाळली की सगळे नाक मुरडतात. पण अस्सल आहे हे त्या घाणीवरूनच कळतं. दे अर्ज."

तिने दिला. मी भरला. "हरकतीचे कारण" या रकान्यात लिहिलं: परीक्षकाने दोन नियम मोडले आणि चुकीच्या बाजूने पाहिले. "परीक्षकाचे नाव" या रकान्यातही माझंच नाव, "हरकत घेणाऱ्याचे नाव" यातही माझंच. कारकुनाने अर्ज परत आणला, म्हणाला बाईंनी चुकून दोनदा लिहिलंय. त्याला समजावायला अर्धा तास गेला.

प्रत्येक नमुन्याचा तुकडा तळघरात ठेवतात. तुझा सापडला. हाताएवढं कापड, कागदाला टाचलेलं, टाचणी गंजली होती पण कापडाला काही झालं नव्हतं. जवसाला काय होणार? तीन परीक्षक नेमले. कुणाला कुणाचं काही सांगितलं नाही, कापड कुणाचं तेही नाही. मला आत जायची परवानगी नव्हती. मीच म्हटलं देऊ नका. बाहेर बाकावर बसले. जिथे एकतीस वर्षं व्यापारी माझी वाट बघत बसायचे तो बाक. फार कडक आहे. मला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

दोन तासांनी शिंकाबाई बाहेर आली. तोंडावर काही दिसू देईना. "मॅडम, निकाल लेखी मिळेल."

"शाब्बास. मीच शिकवलंय. आता तोंडाने सांग."

"नऊपैकी नऊ," ती म्हणाली आणि शिंकली.

मी टाळी वाजवली. एकटीने, त्या लांबलचक व्हरांड्यात, एकदा नाही, बऱ्याचदा. शिपाई जिन्यातून वाकून पाहायला लागला. मी त्याला म्हटलं, "माझी बहीण जिंकली." तो म्हणाला, "कशात?" मी म्हटलं, "जवसात." त्यानेही टाळी वाजवली.

तशीच विणकर संघात गेले. कारकून म्हणाला, पुढच्या बैठकीत ठेवू. विचारलं, "नाव काढताना बैठक घेतली होती?" तो वही चाळून म्हणाला, "नाही." "मग घालताना कशाला?" आणि खुर्ची ओढून बसले. तो चहाला जाऊन आला, जेवून आला, मी तिथेच. चार वाजता त्याने शुद्ध लिननच्या यादीत तुझं नाव लिहिलं. मी अक्षर तपासलं, एक वेलांटी दुरुस्त करून घेतली, शिक्का मारून घेतला. फलकावरही लावायला लावलं. तू यादीत आहेस, धाकटे. सगळ्यात वर, कारण मी त्याला म्हटलं हे नाव बारा वर्षं आधीचं आहे.

माझं काम इथे संपत नाही. सोबत आणखी एक कागद आहे, तो तक्रारीचा अर्ज. चुकीच्या तपासणीमुळे ज्याचं नुकसान झालं त्याने परीक्षकाविरुद्ध द्यायचा. मी तो कोरा ठेवला आहे. तू भरायचा की नाही ते तू ठरव. भरलास तर मी बचाव करणार नाही. बहीण आहे म्हणून सोडून दे, असं मी म्हणणार नाही. नात्याकडे बघून काय होतं ते आपण पाहिलं. क्षमा माग असंही कुणी मला शिकवलेलं नाही, तरी मागते. मला माफ कर.

मागाचं तू बघ. माझं मत तुला माहीत आहे.

तुझी
ताई


५ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद.

भाचीचा फोन आला, त्याच दिवशी, अठ्ठावीसला. हसून हसून तिला बोलता येईना. म्हणाली, "मावशी, गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं. आईने खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाली, माग विकायचा नाही, चहा घ्या. तो म्हणाला, अहो मी गाडी घेऊन आलोय. आई म्हणाली, मग दोन टॉवेल घेऊन जा, रिकामी गाडी नेऊ नये. शुद्ध लिनन आहे, कागद बघायचाय?" त्याने चार घेतले म्हणे. मी फोन ठेवला आणि पुन्हा उचलून तिलाच लावला, तेच परत सांग म्हणून.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. तू अर्ज भरलास. सही केलीस. खाडाखोड नाही, एकही रकाना मोकळा नाही.

खरं सांगू? मला भीती होती की तू भरणार नाहीस. "असू दे गं ताई" म्हणशील, आणि मग मला उरलेलं आयुष्य त्या "असू दे"खाली काढावं लागेल. शिंकाबाईने अर्ज पुढे केला तेव्हा ती रडवेली झाली होती. मी वाचला आणि म्हटलं, "बघ, अर्ज असा भरतात. नव्या मुलांना दाखव."

समितीपुढे उभी राहिले. तिघं होते, तिघंही माझ्याहून लहान. आरोप वाचून दाखवले. मी म्हटलं, खरे आहेत. एक जण म्हणाला, "बाई, वयाचा विचार करता..." मी म्हटलं, "चूक केली तेव्हा माझं वय व्यवस्थित होतं. पुढे चला." निकाल असा: माझ्या सेवापुस्तकात ठपक्याची नोंद. आणि २१८ क्रमांकाचा तुकडा काचेत बसवून तंतूच्या टेबलामागच्या भिंतीवर टांगायचा, खाली सूचना: तीनदा तपासा, ओळखीचा माल दुसऱ्याला द्या, टोक आपल्याकडे आहे ना, ते आधी पाहा. तुझं कापड आता तिथे भिंतीवर आहे, धाकटे. येणारा प्रत्येक परीक्षक आधी ते बघणार. माझ्या नावाची पाटी कधीच कुठे लागली नाही, आणि याहून चांगली लागूही शकली नसती.

या गुरुवारी वर्गात सगळं सांगितलं. मग काजवाली म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे मॅडम फसल्या." मी म्हटलं, "तुझ्यामुळे सुटल्या." मी तिला पुढच्या बाकावर बसायला सांगितलं. ती म्हणाली, नको, पलीकडूनच बरं दिसतं.

मेहुणे भाचीला म्हणाले म्हणे, "दोघी बहिणी एकाच वळणाच्या. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही." त्यांना माझा नमस्कार सांग आणि सांग, सुंभ काथ्याचा असतो, फळाच्या सालीतला. आम्ही खोडातल्या.

आता शेवटचा रकाना. "तक्रारदाराची मागणी." शिंकाबाईने तो समितीपुढे वाचला आणि वाचता वाचता थांबली. तू लिहिलं होतंस: "परीक्षकाने जवस काढायला शेतात यावे. कापायचा नसतो, मुळासकट उपटायचा असतो, हे परीक्षकाने आयुष्यभर नुसते पुस्तकात वाचले आहे. दोन एकर आहेत. संपेपर्यंत परत जायचे नाही."

अध्यक्ष म्हणाले, "ही मागणी समितीच्या अधिकाराबाहेर आहे. फेटाळावी लागेल."

मी उभी राहिले. म्हटलं, "तुमच्या अधिकाराबाहेर असेल, माझ्या नाही. 'परीक्षकास मान्य' असं लिहा." त्यांनी लिहिलं. मी खाली सही केली.

सोमवारी सकाळच्या गाडीने निघते. घ्यायला कुणी येऊ नये. जाड हातमोजे मी आणते आहे, माझ्यासाठी आणि तुझ्यासाठीही, कारण तुझ्याकडे असतील आणि तू घालत नसशील. उपटताना मूठ कुठे धरायची ते तू दाखव. मी चुकले तर तिथेच सांग, ताई म्हणून सोडू नकोस.

शिक्षा मान्य असलेली,
तुझी
ताई